शैलाबाईंच्या गाडीतला जळका वास

चार माणसं रोज एकाच गाडीतून एकाच शाळेत जायला लागली की किस्से आपोआप साठतात, सीटखाली शेंगांची टरफलं साठतात तसे. त्यातले बरेचसे बाहेर सांगण्यासारखे नसतात. पण शैलाबाईंच्या गाडीला जळक्या तेलाचा वास यायला लागला, ते दिवस मी भेटेल त्याला सांगते. त्या दिवसांत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

शैलाबाई आमच्या लोणावळ्याच्या शाळेत भूगोल शिकवतात. नवरा गेल्यावर, पन्नाशी ओलांडून, त्या गाडी शिकल्या. तळेगावहून मी त्यांच्या शेजारी बसते, कामशेतला गणिताचे कांबळे सर चढतात आणि मळवली फाट्यावर आमचे शिपाई गेनूभाऊ. पेट्रोलचा विषय कुणी काढला की बाई म्हणतात, "गाडी माझी आहे. तुम्ही फक्त बसायचं." हवा भरायला खाली उतरलेलंसुद्धा त्यांना चालत नाही.

*

पहिल्यांदा वास आला तो वाकसई सोडल्यावर. बाईंनी गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून म्हणाल्या, "डबे काढा."

बॉनेटवर तीन डबे उघडले गेले. माझी मटकी, कांबळे सरांची भेंडी आणि गेनूभाऊंची सुकट. सुकट बघून बाई म्हणाल्या, "सापडलं."

गेनूभाऊंना ते फार लागलं. "बाई, जळल्याली सुकट आमच्या घरातनं भाईर पडत न्हाई. खाऊन बगा."

मग रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही सगळ्यांनी सुकट खाल्ली. फर्मास होती. शाळेची घंटा चुकली, डबा रिकामा झाला आणि वास होता तिथेच होता.

*

दुसऱ्या दिवशी बाईंचा संशय पुढच्या ट्रकवर गेला. एरवी सायकलवाल्यालाही साइड देणारी ही बाई, त्या दिवशी तिने ट्रक मागे टाकला, टेम्पो मागे टाकला, एसटी मागे टाकली. प्रत्येक वेळी बाई माझ्याकडे बघून विचारायच्या, "गेला?" मी नाक वर करून म्हणायचे, "नाही." कांबळे सरांनी वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं.

वलवणला पोचेपर्यंत पुढचा रस्ता साफ मोकळा झाला. वास मात्र झकास येत होता.

कांबळे सर हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, आता पुढे आपणच आहोत."

*

मग रविवारी बाईंचा मुलगा निखिल पुण्याहून आला. तो आईची गाडी घेऊन एक चक्कर मारून आला आणि दारातूनच म्हणाला, "आई, ही एखाद्या दिवशी रस्त्यात पेट घेईल. पुढच्या रविवारी मी घेऊन जातो. विकून टाकू. तू एसटीने जात जा."

 बाईंनी हे सोमवारी गाडीत आम्हाला सांगितलं, रस्त्यावरची नजर न काढता. "ही गेली की मी दुसरी घेणार नाही. तेवढी उमेद आता नाही माझ्यात." मला भयंकर वाईट वाटलं. त्या आठवड्यात मी वर्गात शिकवतानाही नाक वर करून वास घेत होते. मुलं माझी नक्कल करायला लागली.

*

कांबळे सरांनी कामशेतचा बाळू मेकॅनिक गाठला. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली बोट फिरवलं आणि तेलाने माखलेलं बोट आम्हाला दाखवलं. "पॅकिंग गेलीया. तेल झिरपून गरम पाइपावर पडतंय, म्हणून वास." पॅकिंग बदलली. बाईंनी त्याला चहा पाजला.

शुक्रवारी परत वास आला, आणि आता धूरही. निळा! बाजारात सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या पाहुण्याने काच खाली केली आणि आदराने विचारलं, "मॅडम, भजी गाडीतच तळता का?"

*

रविवारी निखिल यायच्या आत आम्ही तिघंही बाईंच्या दारात हजर. कांबळे सर बाळूलाही घेऊन आले होते. पण निखिल आमच्याही आधी पोचला होता. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती आणि गाडीतलं बाईंचं सामान, छत्री, पाण्याची बाटली, वह्यांचे गठ्ठे, ओट्यावर काढून ठेवलेलं होतं.

बाळू म्हणाला, "दादा, एक डाव बगू द्या." निखिल म्हणाला, "बघून झालंय सगळ्यांचं."

बाई पदर खोचून पुढे झाल्या. बॉनेट उघडलं. इंजिनातून तेल मोजायची पट्टी ओढून काढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत काढली आणि उजेडात धरली. इतक्या दिवसांत हे कुणी केलं नव्हतं. तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर होतं.

बाई पट्टी हातात धरून आमच्याकडे वळल्या. पाचवी ब गोंधळ घालते तेव्हा वापरतात तोच आवाज.

"हे उतू चाललंय आणि तेच जळतंय. यात तेल कुणी ओतलं? हात वर करा."

आधी गेनूभाऊंचा हात वर गेला. "बाई, तेल जळतंय म्हंजी संपत आसंल, म्हनून म्या वाईच टाकलं. तुमी रागावता म्हनून बोललो न्हाई."

कांबळे सरांचा हात खांद्यापर्यंतच आला. "मी पण. मधल्या सुट्टीत."

बाळूने डोकं खाजवत हात वर केला. "उघडल्यालं इंजिन तेल न घालता परत द्यायची आमच्यात रीत न्हाई."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मी फक्त वास घेत होते.

मग बाई निखिलकडे वळल्या. तो जमिनीकडे बघत होता. "मागच्या रविवारी," तो म्हणाला, "चक्कर मारायला नेली होती तेव्हा. वाटलं, तू मध्येच कुठे अडकू नयेस."

"हात," बाई म्हणाल्या.

निखिलने हात वर केला. बाई चवड्यांवर उंच झाल्या आणि त्या हातातली किल्ली काढून घेतली.