पण मूळच्या कुठल्या?

टॉवेलच्या कारखान्यात कापसाची धूळ कितीही झाडा, संध्याकाळपर्यंत ती कोपऱ्यात परत साठतेच. आमच्या सॅम्पलिंग डिपार्टमेंटमधले किस्से तसेच आहेत. एक सांगून संपतो न संपतो तोवर दुसरा तयार! आणि हल्ली तर सगळे एकाच माणसाचे. ग्रेसचे!

ग्रेस म्हणजे आमची डिझायनर. आई-वडील हाँगकाँग सोडून कॅनडात गेलेले, हिचा जन्म टोरांटोचा, शाळा-कॉलेज टोरांटोचं. चेहरा चिनी, पासपोर्ट कॅनडाचा आणि नोकरी सोलापूरच्या एमआयडीसीत! तिकडच्या एका गिऱ्हाइकानं तिला सहा महिन्यांसाठी आमच्याकडं पाठवली होती. सहा महिने संपले आणि बाई आमच्याच कंपनीत चिकटली.

बाकी आम्ही तिघं. मी महेश, मंगळवेढ्याचा. रामलू अण्णा, सॅम्पलच्या मागाचे मास्तर, घरात तेलुगू बोलतात. आणि चेकिंगच्या महादेवी अक्का, अक्कलकोटकडच्या. अक्का एरवी मराठी बोलतात, रागावल्या की कन्नड. त्यामुळं अक्कांचा मूड ओळखायला आम्हाला तोंडाकडं बघावं लागत नाही.

* * *

ग्रेसचा पहिला दिवस. अक्कांनी चहा पुढं केला आणि विचारलं, "मॅडम, तुमी कुटल्या?"

मी ग्रेसला ते इंग्रजीत विचारलं. ग्रेस म्हणाली, "कॅनडा."

"ते झालं की. पण मूळच्या कुटल्या?"

"टोरांटो."

"तसं नव्हं ओ! मूळ गाव, मूळ गाव!"

ग्रेस हसायला लागली. म्हणाली, कॅनडात लहानपणापासून हेच विचारतात आणि हाँगकाँगला सुट्टीला गेलं तर तिथलेही हेच विचारतात. मला वाटलं होतं, निदान सोलापुरात तरी सुटेन!

पण बाई पक्की निघाली. चार महिन्यांत कामावरच्या लोकांकडून मराठी उचलली आणि एक दिवस चहाला तिनं डाव उलटवला. "अण्णा, तुमी कुटले?"

"सोलापूरचा."

"पण मूळचे?"

"पणजोबा आलेला तेलंगणातनं. मागावर काम करायला."

"गावाचं नाव काय?"

अण्णांनी डोकं खाजवलं. "ते... आमच्या आईला म्हाईत हुतं."

अक्का म्हणाल्या, आमचं गाव तर अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकात. मग मी छाती फुगवून सांगितलं, "मंगळवेढा! अस्सल!" तर अण्णा लगेच, "काय अस्सल? तुझा आजा सांगोल्याचा की रं!"

ग्रेसनं टेबलावर हात आपटला. "म्हंजे हितं मूळचं कुणीच न्हाय!"

अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. एप्रिल चालू होता. म्हणाले, "मूळचं हितलं फकस्त ऊन हाय!"

* * *

आमच्या कंपनीतला पहिला पगार झाल्यावर ग्रेसनं पार्टी द्यायची ठरवली आणि आम्ही अक्कलहुशारीनं तिला कुठं नेलं? चायनीजच्या गाड्यावर! म्हटलं, पोरीला घरची आठवण येत असेल.

गाड्यावाल्यानं तिला बघितलं आणि त्याच्या हातातला झारा थांबला. मला बाजूला घेऊन म्हणतो, "सायेब, चेकिंग हाय का?"

म्हटलं, नाही बाबा, गिऱ्हाईक आहे. तरी त्यानं कढई परत घासली, नवीन तेल ओतलं, अंगातला शर्टसुद्धा बदलला. मग मंचुरियन आलं. आख्खा चौक बघायला लागला. ग्रेसनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं.

"लई भारी! ह्याला काय म्हणतात?"

"मॅडम, चायनीज हाय की ओ!"

"मी आयुष्यात कधी खाल्लं न्हाय!"

त्याचा चेहरा एवढासा झाला. पण ग्रेसनं तीन प्लेट संपवल्या तेव्हा परत फुलला. तिच्याबरोबर फोटो काढला, मोठा करून गाड्यावर लावला. खाली लिहिलं, 'चीनच्या मॅडमची पसंती'. ग्रेसनं दुसऱ्या दिवशी जाऊन बजावलं, "मी चीनची न्हाय, कॅनडाची हाय."

माणूस प्रामाणिक. आठवड्यात गाड्याची पाटी बदलली. 'कॅनडा चायनीज'! आज तिथं उभं राहायला जागा मिळत नाही.

* * *

गड्ड्याच्या जत्रेतला तर एका ओळीचा किस्सा आहे. खेळण्यांच्या दुकानात ग्रेस उड्या मारणारं माकड बघत होती. दुकानदारानं चावी दिली, माकड उलटं करून खालचा चिनी शिक्का दाखवला आणि म्हणाला, "घ्या ताई, तुमच्या माहेरचं हाय!"

* * *

मग कंपनीत चीनहून नवीन मशीन आलं. त्याच्याबरोबर मशीन बसवायला एक इंजिनियर. कंपनीच्या साहेबांना लोक म्हणाले, दुभाष्या बोलवा. साहेब म्हणाले, "घरचं माणूस असताना दुभाष्या कशाला?"

घरचं माणूस म्हणजे ग्रेस! तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता ग्रेसच्या घरी बोलतात ती हाँगकाँगकडची बोली आणि हा इंजिनियर बोलणार तिकडची सरकारी भाषा. दोन्ही चिनीच, पण एकाचं दुसऱ्याला कळेलच असं नाही. त्यात ग्रेसची घरची बोलीही स्वयंपाकघरापुरती. आईबापांनी बोललेली तीनच वाक्यं तिला धड येतात. जेव. झोप. स्वेटर घाल.

इंजिनियर तिला बघून असा खूश झाला! पाच मिनिटं बोलायचा थांबलाच नाही. हात मशीनकडं, हात वायरकडं, हात आभाळाकडं. ग्रेस मान हलवतेय. साहेब लांबून कौतुकानं बघतायत. त्याचं संपल्यावर साहेब म्हणाले, "हं, काय म्हणतोय?"

"सर, माहीत न्हाय. पण ह्याला स्वेटर घाल म्हणू शकते!"

शेवटी मोबाईल काढला. तो चिनीत बोलायचा, मोबाईल इंग्रजीत सांगायचा. मशीनचं काम मार्गी लागलं. पण इंजिनियरच्या मनातली सल जाईना. त्यानं मोबाईलवर विचारलं, "ह्या बाई खरं कुठल्या आहेत?"

मी अक्कांना मराठीत सांगितलं. अक्का भडकल्या. आधी कन्नडमध्ये काहीतरी झालं, मग मराठीत आल्या. "काय सारकं सारकं तेच! सोलापूरच्या हायत म्हणून सांग त्याला!"

मी तसंच मोबाईलवर टाइप केलं. इंजिनियरनं वाचलं, ग्रेसकडं नीट बघितलं, समाधानानं मान हलवली. मोबाईल बोलला, "तरीच चिनी येत नाही."

* * *

एकदा मे महिन्यात ग्रेस ओरडतच आत आली. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, हातात स्कूटरची चावी. उन्हाळ्यात आमच्याकडच्या सगळ्या पोरी अशाच दिसतात.

"अण्णा! अक्का! मला रस्ता विचारला!"

अण्णांना कळेना. "मग?"

"मला! सिग्नलला एक काका थांबले, म्हणाले, 'ओ ताई, सात रस्ता चौक कुटं?' कुटली हाय विचारलं न्हाय! डायरेक्ट रस्ता विचारला!"

तिनं अक्कांना मिठी मारली, मला टाळी दिली, आख्ख्या डिपार्टमेंटला पेढे आणते म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला गावचं माणूस समजून रस्ता विचारला होता. टोरांटोतसुद्धा लोक शेजारच्याला विचारायचे.

अक्कांनी विचारलं, "मग सांगितलास का?"

"सांगितला की! 'सरळ जावा की ओ, मग डावीकडं.'" मग जरा थांबली. "अरे देवा. उजवीकडं होतं!"

बिचारे काका त्या दिवशी कुठं पोचले कुणास ठाऊक. पेढे मात्र आले. खाता खाता ग्रेस मला हळूच म्हणाली, "पण तोंडावर स्कार्फ होता ना, म्हणून विचारलं." मी पेढा खाल्ला.

* * *

आता कडक भाकरी. अक्कांच्या हातची भाकरी पापडासारखी पातळ आणि महिनाभर टिकणारी. सुट्टीला घरी जाताना ग्रेसनं डबाभर नेली. टोरांटोच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबानं ती हातात घेऊन वाजवली.

"हे काय?"

"ब्रेड."

"कधीचा?"

"मागच्या महिन्यातला."

त्यानं दुसऱ्या साहेबाला बोलावलं. त्यानंही वाजवली!

घरी पोचल्यावर तिच्या पप्पांनी काय केलं? पेजेचं गरम भांडं उतरवलं आणि भाकरीवर ठेवलं! त्यांना वाटलं, पोरीनं भांड्याखाली ठेवायला काहीतरी हस्तकलेचं आणलंय. भाकरी मोडली, एक तुकडा पेजेत पडला. आता काढून कशाला टाकायचा म्हणून पप्पांनी खाल्ला. मग दुसरा तुकडा मुद्दाम टाकला. त्यांची रोजची न्याहारी म्हणजे तांदळाची पेज. आठवड्यात डबा रिकामा झाला.

आम्ही उड्या मारत विचारलं, "मग? सोलापूर आवडलं का पप्पांना?"

ग्रेस म्हणाली, "पप्पा म्हणाले, भाकरी चांगली आहे. भाकरी पोस्टानं मागवता येईल. तू परत ये."

पप्पांचा राग जुना होता. आम्ही एवढा आशिया सोडून इकडं आलो आणि पोरगी उलटी गेली! फोनवर एकच प्रश्न. तिथं तुझं आहे कोण? ग्रेसचा करार संपत आला होता. कंपनी वाढवून द्यायला तयार होती. पण पप्पांना तोंडावर नाही म्हणायची तिची छाती होईना. आणि एक दिवस निरोप आला, पप्पा स्वतःच येतायत. परतीची तिकिटं काढून. दोन!

* * *

पप्पा आले. बुटके, टापटीप, गळ्यात थंडीचा मफलर, कमी बोलणारे. अक्कांनी सोलापूरजवळ कुंभारीला आपल्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं. शेंगाची चटणी, आमटी, भाकरी. पप्पांनी भाकरी बघितल्याबरोबर चुरून आमटीत टाकली. अण्णांनी मला कोपर मारलं, "बग, आपल्यातलाच माणूस!"

जेवता जेवता पप्पा मला इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही चांगली माणसं आहात. पण मी तिला न्यायला आलोय. इथं तिचं कोणी नाही."

पोरगी जाणार म्हणून आम्ही तिघंही आठवडाभर नीट जेवलो नव्हतो, खरंच सांगतो. ग्रेसलाही घास उतरत नव्हता. तेवढ्यात अक्कांचं लक्ष तिच्या ताटाकडं गेलं आणि अक्का सुरू झाल्या. आधी कन्नड! मग, "ताट तसंच हाय की! रातभर जागतीस, खायला नगं तुला! जेव आदी! आन् हितं जरा पड मग!"

पप्पांनी मला विचारलं, "त्या का रागावल्या?"

म्हटलं, "रागावल्या नाहीत. जेव म्हणतायत. आणि झोप म्हणतायत."

पप्पांनी चमचा खाली ठेवला. अक्कांकडं बराच वेळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळची मुंबईची गाडी. स्टेशनवर आम्ही सगळे. ग्रेसची बॅग, पप्पांची बॅग आणि अक्कांनी दोरीनं बांधून दिलेला भाकरीचा मोठा खोका. अक्का रडत होत्या, अण्णा पाठ करून मागाच्या कसल्यातरी पार्टविषयी बोलत होते. ग्रेसच्या तोंडावर ना स्कार्फ ना गॉगल, नुसते रडून सुजलेले डोळे.

तेवढ्यात एक पटकेवाले आजोबा पिशव्या सांभाळत धापा टाकत आले. आम्ही एवढे उभे होतो, पण ते थेट ग्रेससमोर थांबले.

"बाई, विजापूरची गाडी कुटं लागती?"

ग्रेसनं डोळे पुसले. "पलीकडं, आजोबा. दादरा चढून जावा. पळू नका, टाइम हाय अजून!"

"बरं झालं बाई," म्हणून आजोबा गेलेसुद्धा.

ग्रेस तशीच उभी. पप्पांनी तिला त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी विचारलं. तिनं इंग्रजीत सांगितलं, आजोबांनी रस्ता विचारला. मग पप्पा दादऱ्याच्या पुलाकडं बघत राहिले, आजोबा वर चढून दिसेनासे होईपर्यंत.

गाडी लागली. मी दोन्ही बॅगा उचलल्या. पप्पांनी माझ्या हातातून ग्रेसची बॅग काढून घेतली आणि अक्कांच्या पायाशी ठेवली. मला काही कळेना! त्यांनी भाकरीचा खोका स्वतः उचलला, मला खुणेनं आत बोलावलं. आपल्या सीटवर बसले आणि शेजारच्या खिडकीच्या सीटवर खोका नीट ठेवला. हलू नये म्हणून गळ्यातला मफलर काढून सीटला बांधलासुद्धा!

तिकीट तपासनीस आले. चार्ट बघितला, खोका बघितला. "हितं लेडीज पॅसेंजर हाय. कुटं हायत त्या?"

खिडकीबाहेर अक्का ग्रेसचं तोंड पदरानं पुसत होत्या. पप्पांनी खोक्यावर हात ठेवला आणि सोलापुरात शिकलेला एकुलता एक शब्द ठणठणीत आवाजात सांगितला.

"भाकरी!"