हेडला ओरखडा नको!

गॅरेजातले किस्से चिकटलेल्या गॅस्केटसारखे असतात. एक तुकडा निघाला म्हणेपर्यंत खाली दुसरा दिसतो! मलकापूरला बापूंच्या गॅरेजात मी वायरिंगचं काम करतो, त्यामुळे बाकीच्यांना हसायला मोकळा.

बापू फौजेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. त्याच्याखालची सांधा बंद करणारी पातळ पट्टी म्हणजे गॅस्केट; ते तापून तापून घट्ट चिकटतं. लोखंडानं खरवडलं की हेडवर ओरखडा, आणि ओरखड्यातून पाणी गळतं. म्हणून बापूंचा नियम: गॅस्केट सुटायचं औषध मारा, भिजू द्या, मग लाकडानं नाहीतर प्लास्टिकनं काढा. शेवटी बापू डोळे मिटून हेडवर नख फिरवणार. नख अडकलं की तुमचं काही खरं नाही!

*

आमचा दुसरा मेकॅनिक शंकर. तोही माजी फौजी, चाळिशीचा, गुणी पण घायकुता. बापू त्याला एकट्याला हेड करू देत नसत. पठ्ठ्यानं सासुरवाडीत मात्र "इंजिनं मीच बांधतो" असं सांगून ठेवलेलं!

एकदा त्यानं हळूच स्क्रूड्रायव्हर काढला. मागून बापू म्हणाले, "शंकर, दात कशानं घासतोस?"

"ब्रशनं."

"का? घरात स्क्रूड्रायव्हर न्हाई व्हय?"

*

आटपाडीचे एक मामा मेंढरांच्या टेम्पोचं हेड पोत्यात घालून घेऊन आले. ते त्यांनी घरीच उघडून विळ्यानं साफ केलेलं! "बगा बापू, कसं चकाकतंय!"

बापूंनी नख फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत कर्रर्र! "मामा, हेड हाय का मेंढरू? पार भादरून ठेवलंय की!"

मामांना राग आला. "आवं, मेंढराला असा हात लावीन व्हय? त्याला लागतं!"

"ह्यालाबी लागतं, मामा."

*

औषध मारलं की शंकर लगेच बोटं घालायचा. मग बापूंनी तोड काढली. औषध मारलं की त्याच्या हातात गरम चहा द्यायचा. चहा संपेपर्यंत गॅस्केट भिजतं आणि शंकरही निवतो. आता आमच्याकडं औषधाची बाटली काढली की चहावाला न सांगता येतो!

*

एक दिवस काकी, म्हणजे बापूंच्या मंडळी, तवा घेऊनच गॅरेजात आल्या. "थालीपीठ उलटू कशानं? पान्यानं?"

बापूंच्या हातात काकींचं लाकडी उलथनं, त्यावर काळं गॅस्केट! बापू म्हणाले, "धुऊन देतो की."

"ऱ्हाऊ दे तितंच. जेवायबी हितंच बसा, हेडवर वाढते!"

त्या दिवसापासून स्वयंपाकघराचं दार गॅरेजला बंद. पुढं ते उलथनंही मोडलं.

*

आणि हा सगळ्यात भारी. शंकरचा मेव्हणा पाचगणीहून स्ट्रॉबेरीची पिकअप घेऊन आला. गॅस्केट गेलेलं. बापूंना म्हणाला, "आमचं दाजीच करत्याल. इंजिनं त्येच बांधत्यात न्हवं?"

शंकरचं तोंड पांढरं! बापूंनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "व्हय तर. त्येच बांधत्यात." आणि सरळ घरात निघून गेले. मला त्या क्षणी बापू फार आवडले.

शंकरनं औषध मारलं, चहा प्यायला, आणि हेडवर वाकला तो वर बघेचना.

दुपारी बापू आले. डोळे मिटून नख फिरवलं. मी आणि मेव्हणा श्वास रोखून उभे. पुन्हा फिरवलं. कुठं अडकलं नाही!

"एक नंबर!" बापू म्हणाले. शंकरच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही.

बापूंना मिलिटरी कॅन्टीनला जायचं होतं. खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट त्यांनी घातला आणि खिसा चाचपला. पुन्हा चाचपला. "माजं कॅन्टीनचं कार्ड कुठं गेलं रं?"

शंकरनं फडक्याला पुसून ते पुढं केलं. प्लास्टिकच्या कडा झिजून गॅस्केटनं काळ्या झालेल्या, फोटोतल्या बापूंची अर्धी मिशी गायब!

"आरं, तूबी फौजी! तुज्याकडं न्हाई व्हय कार्ड?"

"हाय की. पण त्ये खराब झालं आसतं!"

बापूंनी डोळे मिटले आणि कार्डाच्या कडेवरून नख फिरवलं. जागोजागी अडकलं.

"उद्यापास्नं समदी हेडं तुजी," बापू म्हणाले. "आन कार्डबी तुजंच!"