आठव्या मजल्यावरची बाल्कनी

स्वयंपाकी महाराजनं कागदाची प्लेट खाली ठेवली आणि पायानं माझ्याकडे सरकवली. भात, वर पातळ डाळ, कडेला लोणचं. प्लेट फरशीवरून घसरत आली, डाळ माझ्या पायावर सांडली. मग त्यानं बाल्कनीचं सरकतं दार ओढलं आणि आतून कडी लावली.

हे तैवानमधलं. एका गावातली आठ मजली बिल्डिंग, आठवा मजला. बाल्कनीत कपडे धुवायचं मशीन, एक बादली आणि मी. समोर लोखंडी जाळी. तिकडे सगळ्या बाल्कन्यांना जाळी असते.

मी जेवलो. ते आत जेवले. शेठ, शेठचा मेहुणा आणि महाराज. काचेवर आतून पडदा होता, आवाज येत होता. भांडी वाजली, नळ वाजला, चपला वाजल्या. मग बाहेरचं दार धाडकन लागलं आणि आवाज बंद झाला.

ते निघून गेले होते. दुपारचे बारा वाजले असतील.

मला वाटलं, खाली गेले असतील, येतील. काच ठोकली. हाका मारल्या. पाऊस सुरू झाला, तिरपा. थंडीचे दिवस होते आणि माझ्या अंगात एक शर्ट. मी मशीनच्या आडोशाला बसलो. एक वाजला असेल, दोन वाजले असतील. हातात घड्याळ नव्हतं, आत राहिलं होतं. पासपोर्ट शेठच्या कमरेच्या पाकिटात. तिकीट त्याच पाकिटात. बिल्डिंगचा पत्ता लिहिलेलं कार्डही त्याच्याकडे. मला त्या गावाचं नाव धड उच्चारता येत नव्हतं.

मग लघवी लागली. खूप वेळ दाबून धरली. समोरच्या बिल्डिंगमध्ये एक म्हातारी कपडे आत घेत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पाठ फिरवली. शेवटी पाणी जायच्या भोकाशी बसलो आणि तिथंच केली. ती पाहत होती की नव्हती, मला माहीत नाही. मी छत्तीस वर्षांचा होतो. दोन पोरांचा बाप. सुरतच्या लिंबायतमध्ये लोक मला मास्तर म्हणत.

मास्तर म्हणजे लूम, यंत्रमाग, दुरुस्त करणारा. माझा बाप धुळ्याकडून सुरतला आला, लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, उभा राहून म्हातारा झाला. मी यंत्र शिकलो. पाण्याच्या धारेवर धागा फेकणारे लूम सुरतेत नवे आले तेव्हा ते उघडून परत जोडणारे थोडेच होते. त्यातला एक मी. म्हणून शेठ मला घेऊन गेला. तैवानमधला एक कारखाना जुने लूम विकत होता. त्यातले चांगले कोणते, हे सांगायला शेठला माझे कान आणि बोटं हवी होती.

निघालो तेव्हा गल्लीनं हार घातला. आमच्या गल्लीतून विमानात बसलेला मी पहिलाच. बाप रडला. विमानात शेठ पुढे, मी मागे. त्याचं काही वाटलं नाही.

पहिल्याच दिवशी महाराजनं विचारलं, "सरनेम क्या है?" मी सांगितलं. तो शेठच्या कानाशी लागला. आम्ही बौद्ध, पण शेठला एवढंच माहीत, की मी एससी. त्याच्या खात्यात त्याला ते चालत होतं. इथं एका छताखाली जेवायची वेळ आली. शेठ माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुं बहार बेस. महाराजने वांधो छे."

महाराजला हरकत आहे म्हणे. शेठची हरकत कधी शेठच्या तोंडून निघाली नाही. मी प्लेट उचलली आणि बाहेर बसलो. चार दिवस बसलो. दोन वेळा. ते जेवत तेवढा वेळ कडी लागायची, नंतर निघायची. पाचव्या दिवशी ती निघाली नाही.

म्हातारी पुन्हा आली. या वेळी मी पाठ फिरवली नाही. जाळीतून हात बाहेर काढला, दाराकडे बोट दाखवलं, दोन्ही मनगटं एकावर एक ठेवून दाखवली. ती आत गेली. थोड्या वेळानं बिल्डिंगचा वॉचमन त्याच्याकडच्या किल्लीनं दार उघडून घरात आला आणि त्यानं कडी काढली. त्यानं फरशीवरची भिजलेली प्लेट पाहिली. माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलला, मला कळलं नाही. मग सोफ्याकडे हात केला. मी बसलो. तो गेला.

शेठ आला तेव्हा पाच वाजून गेले होते. मी सोफ्यावर होतो. महाराज दारातच थांबला. शेठनं कपाळावर हात मारला आणि हसला.

"अरे, भूली गयो."

विसरला. छत्री विसरतात तसा. मारलं असतं, शिवी दिली असती तर मी तिथं होतो तरी, असं झालं असतं. विसरला म्हणजे मी नव्हतोच.

मग वॉचमनचं कळलं तसं त्याचं हसू गेलं. "वॉचमेनने केम बोलाव्यो? परदेशमां मारी आबरू काढी."

मी म्हणालो, "शेठ, मेरा पासपोर्ट दे दो."

"तेरे को क्या काम है पासपोर्ट का? कहाँ जाएगा?"

खरंच होतं. कुठं जाणार होतो? दार उघडं होतं आणि मी हलू शकत नव्हतो. तेव्हा लक्षात आलं की जाळी नुसती बाल्कनीला नाही. मी सोफ्यावरच बसून राहिलो. पण आत काहीतरी बसलं नाही, ते उभंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा कारखान्यात गेलो, तोवर शेठची नुसती भावाची बोलणी चालली होती. मोठा हॉल, चाळीस लूम, निम्मे बंद. तिथला मुख्य फिटर साठीचा, हाताला माझ्यासारखंच काळं तेल. दुभाषी म्हणून कारखान्यातली एक बाई होती, ती इंग्रजी बोलायची. आधी ऑफिसात चहा. फिटरनं माझ्यासाठी खुर्ची ओढली.

शेठ म्हणाला, "वो खड़ा रहेगा."

मी बसलो.

शेठनं गुजरातीत दात आवळून सांगितलं, ऊठ. मला गुजराती येतं, लहानपणापासून येतं. मी हिंदीत म्हणालो, "बैठूँगा, शेठ. पासपोर्ट अभी दो. बाद में मशीन देखूँगा."

मेहुणा उठून उभा राहिला. शेठ त्या बाईकडे वळला आणि हसून इंग्रजीत म्हणाला, "ही इज नॉट वेल."

एवढं इंग्रजी मला येत होतं. मी म्हणालो, "आय ॲम वेल. पासपोर्ट, प्लीज."

ती बाई शेठकडे बघत राहिली. फिटरनं चहाची किटली खाली ठेवली. माझ्याशिवाय शेठ एकही लूम निवडू शकत नव्हता आणि तीन दिवसांनी आमचं परतीचं विमान होतं. हे त्याला कळत होतं. मला पहिल्यांदा कळत होतं.

त्यानं पाकिटाची चेन उघडली आणि पासपोर्ट टेबलावर भिरकावला. तो घसरून खाली पडला.

मी वाकलो नाही.

शेवटी त्या बाईनं तो उचलला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. त्यांच्याकडे तशी रीत असेल. मी घेतला, खिशात घातला आणि उठून लूम बघायला गेलो.

चाळीसही लूम बघितले. फिरवून, कान लावून, पंपावर बोट ठेवून. फिटर सोबत होता. भाषा नव्हती, पण एखादा भाग झिजला असेल तर दोघांची मान एकदमच हलायची. अकरा लूम बाद केले. खोटं सांगून शेठला बुडवता आलं असतं. मनात आलंही. पण मग माझं कामही त्याच्यासारखंच झालं असतं. खरं ते सांगितलं. दुपारी फिटर आणि मजूर एकाच टेबलावर जेवले, मीही जेवलो. त्यांच्यातही वरचे-खालचे असतील. मला भाषा येत नव्हती, म्हणून दिसले नसतील.

उरलेले दिवस बिल्डिंगखालच्या गाडीवर वाफवलेले पाव खाल्ले. आत काय होतं विचारलं नाही. फ्लॅटमध्ये नुसता झोपायला गेलो. बाल्कनीत पाय ठेवला नाही.

सुरतला आलो, दुसऱ्या दिवशी खात्यावर गेलो तर गेटवरच सांगितलं, काम नाही. पांडेसऱ्यात विचारलं, उधन्यात विचारलं. शेठचा फोन माझ्याआधी पोचलेला असायचा. पोरं विचारत होती, विमानात काय देतात. बापाला मी काही सांगितलं नाही. बायकोला सगळं सांगितलं, लघवीचंसुद्धा. ती साडीला टिकल्या चिकटवत होती. तिचा हात थांबला. रडेल असं वाटलं. रडली नाही.

ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "तू पहिल्याच दिनले काबर नही बोलना?"

पहिल्याच दिवशी का बोललो नाही? शेठचं वागणं मला माहीत होतं, त्याचं नवल नव्हतं. मी चार दिवस प्लेट का उचलली? हार घातला होता म्हणून. आपण मोठे झालो असं वाटलं होतं म्हणून. बाप खात्यात ओंजळीनं पाणी प्यायचा, वरून ओतलेलं, आणि घरी येऊन शेठ चांगला आहे म्हणायचा. मी लूम शिकलो, गुजराती शिकलो, विमानात बसलो आणि त्याच्याइतकाच वाकलो. ते तिनं एका वाक्यात दाखवलं. शेठनं दिला नाही एवढा चटका तिनं दिला.

दोन महिन्यांनी तैवानहून लूमचे कंटेनर आले. शेठचा मॅनेजर लिंबायतला घरी आला. लूम उभे करणारं कुणी मिळत नव्हतं. तो उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, "शेठ सगळं विसरलेत. उद्यापासून ये."

मी म्हणालो, "शेठला म्हणावं, खात्यात सगळ्या कारीगरांसमोर सांगा, तिथं माझ्याशी काय केलं ते. मग येतो."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"हो."

तो हसला आणि गेला. पुढे त्यांनी बाहेरून माणूस आणला. लूम उभे राहिले, चाललेही. माझ्यावाचून काही अडलं नाही, हे मी लपवत नाही. मी भेस्तानला जुन्या, शटलवाल्या लूमच्या खात्यावर लागलो, हलक्या कामावर. पाण्याचे लूम हातातून गेले ते गेलेच.

तरी माझा शब्द तोच आहे. जिथं मला माणसात बसवत नाहीत तिथं माझं कसब मिळणार नाही. पहिल्या घासाला नाही, पहिल्या शब्दालाच विचारीन, मला कुठं बसवणार? चूल थंड राहिली तरी विचारीन. माझी पोरंही विचारतील. आणि ती जर कुठं गप्प बसली, तर शेठनं जाब द्यायच्या आधी तो त्यांनी मला द्यायचा.