फेटेवाले मास्तर

नवं पोर शिकवणीला आलं की फेटेवाले मास्तर त्याला पाटी काढू देत नसत. आधी त्याच्या घरी जाऊन ओट्यावर बसत, पोर काय काम करतं ते बघत आणि चहा पिऊन परत येत. आमच्याकडे आले तेव्हा मी भात कांडत होते. आई आतून म्हणाली, "शिकवायला आलाय का मुलगी बघायला?"

जव्हारचं संस्थान विलीन झालं आणि कचेरीतली त्यांची कारकुनी गेली. फेटा राहिला. शिकवणीलाही दरबारात निघाल्यासारखा बांधून निघत. "राज्य गेलं, पण यांना अजून कुणी कळवलं नाय," असं आई म्हणायची. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

प्रत्येक पोराला त्यांची वेगळी तऱ्हा. कापडवाल्यांचा रशीद भांडखोर, म्हणून त्याला ते मुद्दाम चुकीचं सांगत. "गोदावरी आपल्या जव्हारातून जाते." "कुठून जाते? दाखवा!" म्हणत रशीद नकाशावर चढायचा आणि मास्तरांना हरवायला सगळ्या नद्या पाठ करायचा. "मासा बघून गळ टाकावा," मास्तर म्हणत. ते आम्हाला मासे म्हणत होते, हे आम्हाला तेव्हा कळलं नाही.

मी चौथीत एकदा नापास झालेली. वडील म्हणाले, "औंदा नापास झाली तं सूर्यमाळला आत्याकडे धाडीन. पाणी भरायला तिला माणूस हवंच आहे." उन्हाळ्यात सूर्यमाळचं पाणी म्हणजे डोंगर उतरून झरा खरवडायचा आणि हंडा डोक्यावर घेऊन परत चढायचं. मला शाळेची गोडी नव्हती, पण त्या हंड्याची त्याहून नव्हती.

मास्तरांनी मला उखळाशीच शिकवलं. मुसळाचा एक घाव, पाढ्याची एक पायरी. पाढे भराभर आले. मास्तर खूश, वडील खूश, भातही कांडून होई. मग शाळेत गुरुजींनी सतराचा पाढा विचारला. हाताची घडी घालून उभी राहिले, तर तोंडातून सतरा एकेसुद्धा निघेना. उखळाची गोष्ट गुरुजींच्या कानावर गेलेली. ते म्हणाले, "उखळ आणायला माणूस पाठवू का?" वर्ग हसला.

मास्तरांना सांगितलं. "गाढव मीच," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोक्यावरचा फेटा सोडला आणि त्याने माझे दोन्ही हात मागे बांधले. आईने त्यांचं टक्कल पहिल्यांदा पाहिलं. ती तोंडाला पदर लावून आत गेली ती बाहेर येईना. मी पाय आपटून ठेका धरला तर मास्तर ओरडले, "पायही बांधू?"

परीक्षेला शाळा तपासणारे दिपोटीसाहेब आले. मला नेमका सतराचाच पाढा विचारला. सतरा पाचे पंच्याऐंशीपर्यंत गेले आणि अडले. खिडकीबाहेर मास्तर काठी घेऊन उभे होते. एकदा जमिनीवर आपटली असती तरी पुढचं आलं असतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग काठी काखेत मारली, पाठ फिरवली आणि चालू लागले.

मला असा संताप आला! या माणसालाच सूर्यमाळला पाणी भरायला धाडलं पाहिजे, असं मनात म्हणत मी उरलेला पाढा ओरडूनच म्हटला. "हळू, बाई," साहेब म्हणाले, "मी बहिरा नाही." पास केलं.

बाहेर येऊन मी मास्तरांना विचारलं, "पळालात का?"

"रागावलीस की तुझं तोंड उघडतं," ते म्हणाले. "आधी कळलं असतं तर उखळाच्या नादी कशाला लागलो असतो? रोज भांडलोच असतो."

पुढे ते तसंच करत. माझी अक्षरं कोंबडीने पाय पुसल्यासारखी आहेत म्हणत आणि मी चिडून पान भरून लिहायचे. शाबास एकदाही म्हणाले नाहीत. मी सातवी झाले. माझं शिक्षण तेवढंच.

मास्तर त्याआधीच, मी सहावीत असताना, तापाने गेले. ही रडत का नाही, म्हणून बायका माझ्याकडे बघत होत्या. रडू कशाला? मी रागावले होते. व्याजाची गणितं अर्धवट टाकून गेले होते.