मास्तरांची पूर्वतयारी

अनसेल्मो बिदेगाइन यांनी जमीन नोंदणीच्या कचेरीत चौतीस वर्षे कारकुनी केली आणि निवृत्त होताच मासेमारीला शास्त्राचा दर्जा मिळवून देण्याचे मनावर घेतले. तळ्याकाठच्या क्लबात दर गुरुवारी ते ‘पूर्वतयारी हेच यश’ या विषयावर वर्ग घेत. त्यामुळे गाव त्यांना मास्तर म्हणू लागले. वाऱ्याच्या दिशा, चंद्राच्या कला, गळाच्या दोरीवर तरंगणाऱ्या बुचांचे रंग यांचे त्यांनी आखलेले तक्ते भिंतीवर टांगलेले असत. त्यांत खोट काढणे कठीण होते. फक्त सलग तीन हिवाळे मास्तरांच्या गळाला स्पर्धेच्या मापात बसणारा एकही पेहेरेय मासा लागला नव्हता.

अखेर क्लबचे अध्यक्ष पेद्रेत्ती यांनी अत्यंत आदराने विषय काढला.

“मास्तर, या रविवारच्या स्पर्धेत एक तरी मासा दाखवा. नाहीतर गुरुवारी त्या खोलीत पत्ते मांडावेत असं म्हणतायत लोक.”

मास्तर विधुर होते. उरलेले सहा दिवस ते गुरुवारच्या तयारीत घालवत. वर्ग गेला असता तर ते सहा दिवसही गेले असते.

शनिवारी त्यांनी ओतिलियाच्या टपरीवरून चाळीस जिवंत मोहारा घेतल्या. ही बोटाएवढी मासळी म्हणजे पेहेरेयचे आवडते आमिष. ओतिलिया ती रोज पहाटे स्वतः जाळ्याने धरी, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा धक्क्याच्या टोकाला वेताची काठी घेऊन बसे. तिच्या गळाला मासे पुष्कळ लागत; पण ते स्पर्धेत मोजले जात नसत. आमिष विकणाऱ्यांना सभासद करून घेण्याची क्लबात पद्धत नव्हती.

जून म्हणजे तिकडे ऐन हिवाळा; रविवारी गवत दहिवराने पांढरे पडले होते. मास्तरांनी तक्त्यानुसार जागा घेतली, तक्त्यानुसार बुचे बांधली आणि गळ टाकला. पाण्यात पडताच मोहारा काडीसारखी ताठ झाली. दुसरीचे तेच झाले आणि तिसरीचेही.

“मास्तर, बादली कुठं ठेवली होतीत?” धक्क्याच्या टोकावरून ओतिलियाने विचारले.

“स्वयंपाकघरात, चुलीपाशी. गारठ्यानं त्यांची शक्ती जाऊ नये म्हणून.”

“अगं बाई! रात्रभर शेकत बसवलंत, आणि आता एकदम या गार पाण्यात ढकलताय? तुम्हाला कुणी असं ढकललं तर तुम्ही शेपटी हलवाल का?”

धक्का हसला. मास्तरांचे कान लाल झाले. “आमिषाची पूर्वतयारी या विषयावर माझी दोन व्याख्यानं झाली आहेत, बाई.”

“म्हणूनच मेल्या वाटतं.” तिने तळ्यातच बुडवून ठेवलेली आपली पिशवी वर ओढली आणि ओंजळभर मोहारा त्यांच्या डब्यात घातल्या. “घ्या या. आणि दोरी खाली सोडा, चांगली हातभर. वारा पडलाय, मासा खाली जाऊन बसलाय.”

“जूनमध्ये वीतभर खोली धरावी असं...”

“माशांना वाचून दाखवलंय का तुम्ही ते?”

वर्षानुवर्षांत प्रथमच मास्तरांनी कुणाकडे तरी शिकण्यासाठी पाहिले. ओतिलिया दर थोड्या वेळाने दोरी बोटभर लांब करी, थांबे, पुन्हा आखूड करी. त्यांच्या लक्षात आले की पूर्वतयारी हिचीही आहेच. तीस वर्षांच्या पहाटा या पाण्यात उभे राहून झालेली ती तयारी होती. कुणी भिंतीवर टांगलेली नसल्यामुळे ती दिसत नव्हती, इतकेच.

त्यांनी दोरी हातभर खाली सोडली. अकराच्या सुमारास बूच आडवे सरकत गेले.

मासा एकतीस सेंटिमीटर, म्हणजे स्पर्धेच्या मापात भरला. मांस भाजण्याच्या शेगडीभोवती जमलेल्या मंडळींसमोर अध्यक्षांनी तो उंच धरला. “सांगा मास्तर, कुठल्या तत्त्वानं धरलात? गुरुवारचा वर्ग आता तुमचाच!”

उत्तर तयार ठेवणे ही मास्तरांची जन्माची सवय. चंद्राची कला तोंडाशी आली होती. तेवढी सांगितली असती तरी वर्ग राहिला असता.

“तत्त्व नाही,” ते म्हणाले. “आमिष ओतिलियाबाईंचं आणि खोलीही त्यांनीच सांगितली. माझी आमिषं मी चुलीपाशी मारली होती. शिकवायचंच असेल तर त्यांनी शिकवावं.”

 मग अध्यक्षांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. “केवढी ही विनम्रता! बाई तर सभासद नाहीत. तेव्हा त्यांच्याकडून शिकलेला एकमेव सभासद म्हणून वर्ग मास्तरांनीच चालवावा हे उघड आहे.”

टाळ्या पडल्या.

“मग गुरुवारी मीही येऊन बसते,” ओतिलिया म्हणाली. “मी काय करते ते मलाही कळेल.”

सगळे मनमुराद हसले. ती मात्र हसली नाही. तिने वर्गाची वेळ विचारली.

वर्ग केवळ सभासदांसाठी असल्याचे तिला सांगण्याचे काम अध्यक्षांनी, साहजिकच, वर्गाच्या मास्तरांवर सोपवले.