सकाळचा पाय खोटं बोलतो

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि मावशींचं चपलाबुटांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे. तीही इतकी पातळ, की पलीकडे कोणी शिंकलं तर इकडे माझा चिमटा हलतो. मावशी माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठ्या. पण अख्खी गल्ली त्यांना मापमावशी म्हणते, मग मी एकट्यानेच शहाणपणा कशाला करू?

सकाळी त्यांच्याकडे बूट घ्यायला गेलेला माणूस हात हलवत परत यायचा. "सकाळचा पाय खोटं बोलतो. दिवसभर वापरा आणि चारनंतर घेऊन या," असं त्या तोंडावर सांगायच्या. चारनंतर गेलात की उभं करून दोन्ही पाय मोजायच्या, कारण बसलेल्या माणसाच्या पायावर भार नसतो. आधी अंगठ्याने तळवा दाबून बघायचा, मग खाकी कागदावर पेन्सिलीने पायाची कड काढायची, आणि तो कागद घराच्या नावाने फायलीत लावायचा. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं म्हणजे धंद्याच्या हिशेबाने शुद्ध वेडेपणा. तो चाळीस वर्षं चालला.

मग टाळेबंदी आली आणि गल्लीतली सगळी शटरं खाली गेली. शाळा उघडणार अशी कुणकुण लागली तेव्हा मावशींनी फायली काढल्या आणि कागदांवरून मुलांचे बूट घरोघर पाठवून दिले. आठवड्याभरात झाडून सगळे परत आले. पोरं दीड वर्षात घरात बसून वाढली होती आणि कागदावरचे पाय होते तेवढेच राहिले होते. जन्मभर पाय पाहिलेल्या बाईने एवढी साधी गोष्ट विसरावी, याचं मला हसू आलं. मावशी हसल्या नाहीत. "पाय समोर नव्हता ना," एवढंच म्हणाल्या.

दुकानं उघडली, पण गिऱ्हाईक पूर्वीसारखं फिरकेना. लोकांना सवय लागली होती. फोनवर बोट दाबायचं, बूट घरी येतात. नाही बसले तर परत पाठवायचे. मावशींचा मुलगा एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. त्याने एका पार्सलवाल्याशी बोलणी केली. जागा त्यांना द्यायची, फळ्या काढून टाकायच्या आणि तिथे खोकी रचायची. "आई, तुझ्या गुडघ्यांनी आता खाली बसवत नाही, आणि बसून मोजणार तरी कोणाला?" हे मी भिंतीतून ऐकलं. मुलगा वाईट नाही. त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मावशी "बरं" म्हणाल्या.

जागा बघायला पार्सलवाला गुरुवारी चारनंतर येणार होता. मुलगा रजा काढून दुकानात बसला. पण पार्सलवाल्याच्या आधी आले ते बसचे जुने ड्रायव्हर. फोनवरून मागवलेले नवे बूट त्यांच्या पायात होते.

"जरा सैल करून द्या. चावत नाहीत, दुखत तर मुळीच नाही. फक्त उजवा मोजा ओला होतो."

मावशींनी बुटाकडे पाहिलंही नाही. गुडघे धरत खाली बसल्या, बूट काढून बाजूला सारला, मोजा काढला आणि तळव्याला हात लावला. करंगळीखाली जखम होती, चांगली रुपयाएवढी.

"साखर आहे ना तुम्हाला?"

"आहे. पण दुखत नाही हो."

"दुखत नाही हेच वाईट आहे, दादा. चला, उठा."

मुलगा म्हणाला, "आई, तो माणूस येईल आता." मावशींनी पिशवी उचलली, ड्रायव्हरचा दंड धरला आणि समोरच्या रिक्षात बसून सरळ दवाखान्यात गेल्या. विकलं काहीच नाही.

पार्सलवाला आला आणि फीत लावून भिंती मोजू लागला. मी डोळ्याला लावलेल्या भिंगासकट मावशींच्या दारात येऊन उभा राहिलो. काम गेलं खड्ड्यात. एवढ्यात एक गरोदर बाई आली. तिच्या सुजलेल्या पायांत नवऱ्याच्या सपाता होत्या.

"मावशी नाहीत?"

"वेळ लागेल तिला," मुलगा म्हणाला. "नंबर सांगा, मी काढून देतो."

"नंबर माहीत असता तर घरबसल्या नसते मागवले?" असं म्हणून ती खुर्चीत बसली. तिच्यामागून एक आजोबा नातीला घेऊन आले आणि तेही बसले. फीत खुर्चीपाशी अडली तसा पार्सलवाला म्हणाला, "जरा उठता का?"

"नाही," ती म्हणाली. पाय दुखत असतील बिचारीचे.

मावशी दीड तासाने परतल्या. "ठेवून घेतलंय त्यांना. आणखी दोन दिवस गेले असते तर बोट काढावं लागलं असतं, म्हणाले डॉक्टर." मग थांबलेल्या दोघींची मापं घेतली, बूट दिले, आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "तो माणूस आला नाही का?"

"आला होता. नाही म्हणून सांगितलं त्याला."

"का रे? माझे गुडघे काही बरे झाले नाहीत."

"खाली मी बसेन. संध्याकाळी कामावरून आलो की रोज. तू खुर्चीत बसून सांगायचं. हाताला काय लागतं, ते शिकव मला."

मावशींना रडू आवरेना. मलाही आवरलं नाही. भिंग डोळ्याला होतं म्हणून वाचलो. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"मग आधी तुझाच बूट काढ. फोनवरून मागवलास तेव्हापासून लंगडतोयस. मला दिसत नाही का?"

तो बसला आणि नाडी सोडायला लागला.