खुर्चीतली शिंपीण

आमच्या गल्लीतल्या शिंपीणमावशीने वजन उतरावं म्हणून भात, बटाटा, साखर सगळं सोडलं. तरी लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जाताना धाप लागायची आणि ती नातीला न भेटताच अर्ध्या जिन्यातून परतायची.

"आता काय हवा खाऊ?" ती माझ्यावरच डाफरली.

मीही भडकले. "खाणं आवरलंस ते बरंच केलंस. पण कात्री, दोरा, इस्त्री सगळं खुर्चीतून हाताला लागेल असं मांडलंयस. दिवसभरात उठतेस कधी?"

तिने तोंड फिरवलं. पण दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं टेबल दुकानाच्या पार टोकाला सरकवलं. आता प्रत्येक शिवण दाबायला तिला उठावंच लागायचं.

काही महिन्यांनी मी तिच्या लेकीच्या घराखालून जात होते, तोच तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून आवाज आला, "ए भांडखोर, वर बघ! धापा टाकतेय, पण नात कडेवर आहे!"